रक्तवाहिनी वाढवणारं जनुक विषाणूमार्फत पेशीत: डेझर्टेशन करणाऱ्यांसाठी पायरीपायरीनं

सोलापुरात बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्यांना प्रोजेक्टचा विषय विचारला की कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, रक्तवाहिन्या वाढवायचं काहीतरी करू." हे उगाच येत नाही. साखर आणि तंबाखू या दोन्हींपायी पायाचं बोट किंवा अख्खं पाऊल गमावलेलं माणूस बहुतेकांच्या नात्यागोत्यात निघतं. बर्गरचा आजार तर थेट तंबाखूशी बांधलेला. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. तो ऐन तरुण वयात हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतो. बिड्या वळून घर चालवणाऱ्या बायकांच्या या शहरात त्या बिड्या ओढणाऱ्यांचे पाय काळे पडताना पाहिलेलं पोर हा विषय घेणारच.

विषय चांगला आहे. पण या क्षेत्रातली मेहनत मुलं चुकीच्या ठिकाणी खर्च करतात, म्हणून हा लेख. विषाणूच्या मदतीनं जनुक पेशीत घालणं आज अवघड राहिलेलं नाही. किती घातलं, किती दिवस टिकलं आणि दिसलेला परिणाम त्याच जनुकाचा कशावरून, हे दाखवणं अवघड आहे. वेळ आणि पैसा तिथं लावा.

आधी मोजमाप ठरवा, मग विषाणू

सगळ्यात उपयोगी पडणारी एक गोष्ट पहिल्यांदा समजून घ्या. रक्तवाहिन्या वाढवणारं मुख्य प्रथिन, म्हणजे व्हीईजीएफ, पेशी स्वतःकडे ठेवत नाही. ती ते बाहेर सोडते आणि शेजारची रक्तवाहिनीची पेशी ते ओळखून हालचाल करते. त्यामुळं जनुक ज्या पेशीत घालायचं ती आणि परिणाम जिच्यावर पाहायचा ती, या दोन पेशी वेगळ्या असू शकतात. एका प्लेटमधल्या स्नायूपेशींना विषाणू द्या, त्यांनी सोडलेलं मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) गोळा करा आणि ते दुसऱ्या प्लेटमधल्या रक्तवाहिनीच्या पेशींवर घाला. विषाणूचं काम एकीकडं, मोजणी दुसरीकडं. लहान लॅबला हीच रचना झेपते.

रुग्णांवरच्या प्रयोगांतही हाच विचार होता. इंजेक्शन पोटरीच्या स्नायूत द्यायचं आणि स्नायूनं प्रथिन तयार करून आसपासच्या वाहिन्यांना द्यायचं.

प्रश्न एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: 'मानवी व्हीईजीएफ-१६५ चं जनुक दिलेल्या उंदराच्या स्नायूपेशींचं मीडियम मानवी रक्तवाहिनीच्या पेशींना नळ्या तयार करायला लावतं का, आणि व्हीईजीएफ अडवल्यावर ते थांबतं का?' वाक्याचा दुसरा अर्धा भाग गाळलात तर प्रोजेक्ट अर्धाच राहतो.

कोणतं जनुक

पर्याय बरेच दिसतात, पण सहा महिन्यांच्या कामासाठी व्हीईजीएफ-ए सोडून दुसरीकडं जायचं कारण नाही. या जनुकाचे वेगवेगळ्या लांबीचे प्रकार पेशी स्वतःच तयार करते: १२१, १६५, १८९ अमिनो आम्लांचे. १२१ चा प्रकार सैल फिरतो. १८९ चा पेशींभोवतीच्या जाळ्यात अडकून बसतो. १६५ मधला आहे, थोडा बांधला जातो, थोडा मोकळा राहतो. त्यामुळं मीडियममध्येही सापडतो आणि काम जोरात करतो. त्याची सांकेतिक लांबी जेमतेम ५७६ बेस-जोड्यांची आहे, म्हणजे कोणत्याही विषाणूत सहज मावेल इतकी.

एफजीएफ-२ हे वाहिन्या वाढवणारं दुसरं प्रथिन. ते घेताना एक खोच लक्षात ठेवा. त्याला पेशीबाहेर जाण्याचा नेहमीचा सिग्नल नसतो. नुसतं जनुक घातलं तर प्रथिन आतच राहील आणि मीडियममध्ये तुम्हाला काही मिळणार नाही. म्हणून या कुटुंबातली जनुकं वापरणारे लोक एकतर सिग्नल जोडतात किंवा स्वतःचा सिग्नल असलेलं एफजीएफ-४ घेतात. एचआयएफ-१ अल्फा, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्यावर जनुकं चालू करणारं प्रथिन, वाचायला फार सुंदर आहे. ऑक्सिजन कमी पडला की पेशी काय करते याच्या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. पण ते प्रथिन साध्या हवेत पेशी लगेच मोडून टाकते, त्यामुळं त्याचं बदललेलं रूप लागतं. पहिल्या प्रोजेक्टला नको.

जनुक माणसाचं आणि ते तयार करणारी पेशी उंदराची, ही जोडी मुद्दाम निवडा. मानवी व्हीईजीएफ ओळखणाऱ्या एलायझा किटनं (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीनं) मोजलं की उंदराच्या पेशीचं स्वतःचं व्हीईजीएफ बाजूला पडतं आणि तुम्ही दिलेल्या जनुकाचंच उत्पादन हाती येतं. उंदराच्या प्रथिनाला किट किती प्रतिसाद देतं हे किटसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद विकत घेण्याआधी मागवा.

कोणता विषाणू

इथं वाद घालायला सगळ्यांना आवडतं. पण उत्तर एका प्रश्नात आहे: प्रथिन किती दिवस हवं?

ॲडेनोव्हायरस (प्रकार ५) हा सुमारे ९० नॅनोमीटरचा, दुहेरी डीएनएचा विषाणू. त्यातलं ई१ नावाचं क्षेत्र काढलेलं असतं, त्यामुळं तो साध्या पेशीत स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. पेशीच्या गुणसूत्रात तो शिरत नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रथिन दिसतं, दोन-तीन दिवसांत भरपूर होतं, आणि पेशी विभागत गेल्या की पातळ होत जातं. शरीरात तर रोगप्रतिकारशक्ती एक-दोन आठवड्यांत ते संपवते.

एएव्ही, म्हणजे ॲडेनो-असोसिएटेड व्हायरस, जेमतेम २५ नॅनोमीटरचा. सुमारे ४.७ हजार बेसपेक्षा जास्त सामान घेत नाही. सुरुवात संथ, पण न विभागणाऱ्या पेशीत महिनोन्महिने टिकतो. माणसाला आजार देत नाही म्हणून उपचारांत लाडका. मात्र काचेतल्या रक्तवाहिनीच्या पेशींत एएव्ही-२ फार कमी शिरतो. नाव मोठं म्हणून मागवला आणि खुणेच्या चमकणाऱ्या प्रथिनानं पेशी हिरव्या होईनात, असं झालं की दोष स्वतःकडं घेऊ नका. तो या विषाणूचा स्वभावच आहे.

लेंटिव्हायरस जनुक कायमचं गुणसूत्रात बसवतो. कायम व्हीईजीएफ देणारी पेशीरेषा बनवायची असेल तर तोच हवा. भारतात २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली नेक्सकार१९ ही कॅन्सरवरची पेशी-उपचारपद्धतही लेंटिव्हायरसवर उभी आहे. पण पेशीवाढीला आणि वाहिन्यांच्या वाढीला चालना देणारं जनुक कायम बसवणारा विषाणू नवशिक्याच्या हातात द्यायला मी तयार नाही.

थोडक्यात, डेझर्टेशनसाठी ई१ काढलेला ॲडेनोव्हायरस. तोही तयार, शुद्ध केलेला, मोजलेला विकत घ्यायचा. एक बाटली व्हीईजीएफ-१६५ ची आणि एक हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची, म्हणजे जीएफपीची. स्वतः विषाणू वाढवायच्या भानगडीत पडू नका. शुद्धीकरण, मोजणी, स्वतःच्या प्रती काढणारा विषाणू त्यात मिसळला नाही ना याची तपासणी, यातच वर्ष जाईल. मागणी वेळेत द्या. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आधी ऑर्डर गेली नसेल तर उन्हाळ्याच्या सबमिशनला प्रयोग बसत नाही, कारण बाहेरून येणारा माल आठवड्यांच्या हिशेबानं येतो.

परवानगीची पायरी वगळता येत नाही

जनुक बदललेल्या विषाणूचं काम भारतात पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या जैवसुरक्षा मार्गदर्शक तत्त्वांत येतं. संस्थेत नोंदणीकृत जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, असावी लागते. तिच्यासमोर तुमच्या गाइडनी अर्ज ठेवायचा: कोणता विषाणू, कोणतं जनुक, कोणती पेशी, कचरा कसा नष्ट करणार. प्रतिकृती न काढणाऱ्या ॲडेनोव्हायरससाठी साधारणपणे बीएसएल-२, म्हणजे जैवसुरक्षेच्या दुसऱ्या स्तराची सोय अपेक्षित असते.

तुमच्या कॉलेजात अशी समिती नसेल तर ते लपवू नका. ज्या संस्थेत ती आहे तिच्याशी सहकार्याचं पत्र करा आणि विषाणूचा भाग तिथंच करा. पुण्याच्या गणेशखिंडीतलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, पेशीरेषांचं भांडार चालवतं. पेशी तिथून मागवता येतात. एकदिवसाच्या चर्चेला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून संध्याकाळी परत येता येतं. मात्र विषाणू किंवा विषाणू दिलेल्या पेशी बॅगेत घालून आणायच्या नाहीत. बॅगेत वही आणि पेनड्राइव्ह, एवढंच.

कॅबिनेट आणि ब्लीच

कॉलेजच्या बऱ्याच लॅबमध्ये आडवा लॅमिनार एअरफ्लो असतो. तो बॅक्टेरियाच्या प्लेट स्वच्छ ठेवायला उत्तम. पण त्याची हवा आतून तुमच्या तोंडावर येते. विषाणू त्यात कधीही उघडायचा नाही. क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेटच हवं, आणि ते वर्षातून एकदा तपासलेलं हवं.

दुसरी गोष्ट सवयीची. आपण हात, टेबल, पिपेट सगळं ७० टक्के अल्कोहोलनं पुसतो. ॲडेनोव्हायरसला बाहेरचं चरबीचं कवच नसतं, त्यामुळं अल्कोहोलवर त्याच्यासाठी विसंबता येत नाही. तो कोरड्या पृष्ठभागावरही बराच काळ तग धरतो. त्याला ब्लीच लागतं: अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइट, ताजं केलेलं, आणि निदान अर्धा तास संपर्क. नंतर पाण्यानं किंवा अल्कोहोलनं पुसून घ्या, नाहीतर स्टील गंजतं. सोलापूरचा एप्रिल-मे ४० अंशांच्या वर असतो आणि ब्लीच उष्णतेनं मरतं. सकाळी केलेलं द्रावण त्याच दिवशी वापरा. कॅन खिडकीत ठेवू नका. ब्लीच ओतलेली वस्तू कधीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, विषारी वायू निघतो. एकतर ब्लीच, नाहीतर १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह.

सुया आणि काचेच्या पिपेट या कामात आणायच्याच नाहीत. डोळ्यात थेंब उडाला तर डोळा पाण्यानं धुवा, गाइडला सांगा, नोंद करा. लपवलेला अपघात पुढच्या माणसाला महागात पडतो.

पेशी

मोजणीसाठी रक्तवाहिनीच्या पेशी हव्यात. त्यांचा सर्वात ओळखीचा स्रोत म्हणजे नाळेची शीर. १९७३ मध्ये तिच्यातून पेशी काढून वाढवण्याची पद्धत बसली आणि आजही तीच चालते. त्या ह्युव्हेक नावानं ओळखल्या जातात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असलेल्या शहरात नाळेची वानवा नाही, पण नाळ 'टाकूनच देणार होते' म्हणून उचलता येत नाही. वैद्यकीय संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि आईची लेखी संमती लागते. तेवढा वेळ नसेल तर ईए.एचवाय९२६ ही पेशीरेषा घ्या. ती सांभाळायला सोपी आहे, पण तिच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरपेशीचा अर्धा वाटा असल्यानं नळ्या थोड्या आळशी बनवते. ह्युव्हेक घेतल्यात तर दुसऱ्या ते पाचव्या पॅसेजमध्येच (प्लेट भरली की पेशी नव्या प्लेटमध्ये हलवण्याची एक फेरी म्हणजे पॅसेज) काम उरका. पुढं त्या म्हाताऱ्या होतात आणि व्हीईजीएफकडं लक्ष देईनाशा होतात.

व्हीईजीएफ तयार करायला सी२सी१२ या उंदराच्या स्नायूपेशी. ॲडेनोव्हायरस ज्या खुंटीला धरून पेशीत शिरतो ती या पेशींवर कमी असते, त्यामुळं विषाणूचं प्रमाण वाढवावं लागेल. ते किती, हे पुढच्या पायरीत कळतं.

मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत लपून वाढणाऱ्या बारीक जिवाणूची, तपासणी आधीच करून घ्या. तो पेशीत असेल तर सगळे आकडे डोलतात. आणि लॅबमध्ये एचईके-२९३ पेशी कुणी वाढवत असेल तर त्या तुमच्या कॅबिनेटजवळही नकोत. त्यांच्यात ई१ क्षेत्र असतं, म्हणजे तुमचा 'प्रती न काढणारा' विषाणू तिथं जोमात वाढेल.

मात्रा: जीएफपीनं आधी रस्ता शोधा

विषाणूच्या बाटलीवर दोन आकडे असू शकतात. एक एकूण कणांचा, दुसरा पेशीत शिरून काम करणाऱ्या कणांचा. दुसरा नेहमी लहान असतो, कित्येकदा दहा-वीस पटींनी. मात्रा दुसऱ्या आकड्यावर काढायची. हे दोन आकडे सरमिसळ केले की निम्मे प्रोजेक्ट तिथंच आडवे होतात.

दर पेशीमागं किती विषाणू, याला एमओआय म्हणतात. हिशेब असा. प्लेटच्या एका विहिरीत (खळग्यात) १ लाख पेशी आहेत आणि एमओआय ५० हवा, म्हणजे ५० लाख विषाणू. बाटलीत एका मिलीलिटरला १,००० कोटी असतील तर त्यासाठी लागतं ०.५ मायक्रोलिटर. एवढं कुठल्याच पिपेटनं नीट उचलता येत नाही. म्हणून आधी शंभरपट पातळ करा. आता एका मिलीलिटरमध्ये १० कोटी झाले आणि ५० मायक्रोलिटरमध्ये तुमचे ५० लाख. पेशींची संख्या आदल्या दिवशीच्या अंदाजावर धरू नका. त्याच दिवशी एक जादा विहीर सुटी करून मोजा, कारण रात्रीत त्या वाढलेल्या असतात.

एमओआय १ ठेवला म्हणजे प्रत्येक पेशीला एक मिळाला, असं होत नाही. वाटप नशिबावर चालतं, आणि त्या हिशेबानं सुमारे ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात. ३ ला गेलात की कोऱ्या ५ टक्क्यांवर येतात. हे झालं खुंट्या भरपूर असलेल्या पेशींचं. सी२सी१२ साठी जीएफपी विषाणूनं १०, ५०, १००, २०० असे एमओआय लावा आणि ४८ तासांनी मायक्रोस्कोपखाली दोन गोष्टी मोजा: किती पेशी हिरव्या, किती मेल्या. पुरेशा हिरव्या आणि मेलेल्या जवळजवळ नाहीत, असा सर्वांत लहान आकडा निवडा. जास्त विषाणू म्हणजे जास्त परिणाम, असं कुणी म्हटलं तर मेलेल्या पेशींचा फोटो दाखवा.

बाटली आली की पहिल्याच दिवशी लहान ट्यूबमध्ये वाटून उणे ८० ला ठेवा. एक ट्यूब एकदाच वितळवायची. परत गोठवलेल्या विषाणूचा आकडा खोटा असतो. डीप फ्रीझर जनरेटरवर आहे की नाही, हे उन्हाळा लागण्याआधी वॉचमनला विचारून घ्या. ऑफिसला विचाराल तर 'आहे' म्हणतील.

प्रत्यक्ष चार दिवस

पहिल्या दिवशी संध्याकाळी सी२सी१२ पसरा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक विहीर मोजा, विषाणू पातळ करा, मीडियम काढून कमी सीरमच्या (सीरम म्हणजे पेशी वाढवायला घालतात तो रक्तातला द्रव) थोड्याशा मीडियममधून विषाणू द्या. पाणी जितकं उथळ तितका विषाणू पेशीला लवकर भेटतो. एक-दोन तास, दर पंधरा मिनिटांनी प्लेट हळूच कलती करत राहा. नंतर मीडियम भरा. तिसऱ्या दिवशी ते सगळं काढून ब्लीचमध्ये, पेशी तीनदा धुवा, ताजं कमी सीरमचं मीडियम मोजून घाला आणि घड्याळ लावा. चौथ्या दिवशी बरोबर २४ तासांनी मीडियम गोळा करा, पेशी सुट्या करून मोजा. त्या मोजणीशिवाय आकड्याला अर्थ नाही.

गोळा केलेल्या मीडियममध्ये उरलासुरला विषाणू असू शकतो. मुलं ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढतात आणि निर्धास्त होतात. ०.२२ मायक्रॉन म्हणजे २२० नॅनोमीटर. ९० नॅनोमीटरचा विषाणू त्यातून आरामात निघून जातो. १०० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्युगल फिल्टरमध्ये विषाणू वर अडकतो, आणि सुमारे ४५ किलोडाल्टनचं व्हीईजीएफ खाली उतरतं. थोडं प्रथिन वाया जातं, म्हणून एलायझा फिल्टरनंतर करा. खाली उतरलेलं मीडियमही बीएसएल-२ चंच समजून वागा.

तुलनेचे गट

इथं कंजुषी करू नका. विषाणू न दिलेल्या पेशींचं मीडियम. जीएफपी विषाणू त्याच एमओआयनं दिलेल्या पेशींचं मीडियम. व्हीईजीएफ विषाणूचं मीडियम. आणि नुसत्या मीडियममध्ये बाजारातलं शुद्ध व्हीईजीएफ, मिलीलिटरला १० ते ५० नॅनोग्रॅम. जीएफपीचा गट सगळ्यात महत्त्वाचा आहे. ॲडेनोव्हायरस शिरल्यानंच पेशी चिडते आणि स्वतःहून काही बाही सोडते. तो परिणाम वजा केला नाही तर तुम्ही जनुकाचं नव्हे, विषाणूचं कौतुक लिहून बसाल.

पाचवा गट प्रोजेक्टला वजन देतो: व्हीईजीएफ विषाणूचं मीडियम अधिक मानवी व्हीईजीएफला बांधणारी अँटिबॉडी. बेव्हासिझुमॅब हे औषध याच प्रकारचं आहे. ते मानवी व्हीईजीएफला धरतं, उंदराच्या व्हीईजीएफला जवळजवळ धरतच नाही. त्यानं नळ्या थांबल्या तर कर्ता तुमचंच जनुक होतं.

मोजणी

एलायझाचा आकडा 'मिलीलिटरला इतके पिकोग्रॅम' असा सोडू नका. दहा लाख पेशींमागं, २४ तासांत किती नॅनोग्रॅम, असा मांडा. कारण उंदरांवरच्या कामानं २००४ मध्ये दाखवून दिलंय की स्नायूत एकूण किती व्हीईजीएफ गेलं यापेक्षा प्रत्येक पेशी आपल्या आसपास किती सोडते हे ठरवतं की वाहिन्या नीट होणार की गाठीसारख्या विस्कटणार. काही पेशी भरमसाट आणि बाकीच्या कोऱ्या, अशी सरासरी फसवी असते.

नळ्यांच्या चाचणीसाठी मॅट्रिजेल लागतं, म्हणजे पेशींना आधार देणारं प्रथिनांचं जेल. वाढ-घटक कमी केलेल्या प्रकारचंच घ्या. साध्या मॅट्रिजेलवर पेशी कुणी न सांगताही नळ्या करतात आणि मग फरक दिसत नाही. ते रात्रभर फ्रीजमध्ये बर्फात वितळवा. टिप्स, प्लेट, ट्यूब सगळं गार. १० अंशांच्या वर ते घट्ट व्हायला लागतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत ते टिपमध्येच थिजतं. हा भाग सकाळी सातला करा. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये प्रत्येकी ५० मायक्रोलिटर, बुडबुडा न आणता. ३७ अंशांवर अर्धा तास. वर आदल्या रात्री कमी सीरमवर उपाशी ठेवलेल्या १० ते १५ हजार पेशी आणि तपासायचं मीडियम. ४, ६, ८ तासांनी फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहू म्हणालात तर जाळं कोसळलेलं असेल.

फोटो मित्राला देऊन नावं बदलून घ्या आणि कोणता गट कोणता हे न कळता मोजा. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर सांधे आणि नळ्यांची एकूण लांबी मोजून देतं. ओरखडा-चाचणी (पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती भरतो ते पाहणं) जोडीला करता येईल, पण तिच्यात पेशी वाढल्या की सरकल्या हे कळत नाही, म्हणून ती दुय्यम.

कोंबडीचं अंडं

काचेबाहेरचा पुरावा हवा आणि प्राणीघर नाही, तर अंडं. कोंबडीच्या गर्भाभोवतीच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं उघड दिसतं आणि मानवी व्हीईजीएफला ते प्रतिसाद देतं. किराणा दुकानातली अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात. हॅचरीतून फलित अंडी आणा, ३७.५ अंशांवर आणि भरपूर ओलाव्यात ठेवा. तिसऱ्या दिवशी टोकाकडून दोन-तीन मिलीलिटर पांढरा बलक काढला की पडदा कवचापासून सुटतो. मग खिडकी कापून टेपनं बंद करा. आठव्या दिवशी फिल्टर कागदाची चकती मीडियममध्ये भिजवून पडद्यावर ठेवा, दोन-तीन दिवसांनी चकतीकडं धावणाऱ्या वाहिन्या मोजा. कोरी चकतीही पडद्याला डिवचते, म्हणून कोऱ्या मीडियमची चकती हवीच. काही गर्भ मरणार हे धरून प्रत्येक गटात दहाहून जास्त अंडी घ्या. इन्क्युबेटर यूपीएसवर. अंड्यात जिवंत विषाणू घालायचा नाही, विषाणू काढलेलं मीडियमच. आणि हेही आपल्या संस्थेच्या समितीला कळवून.

चर्चेचं प्रकरण लिहिताना

नळ्या दुप्पट झाल्या म्हणून 'ही पद्धत पाय वाचवू शकते' असं लिहू नका. व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक तिथंच पकडतो. इतिहास माहीत असू द्या. बोस्टनच्या जेफ्री इस्नर यांनी १९९४ मध्ये पायाच्या रुग्णांवर व्हीईजीएफच्या जनुकाचे प्रयोग सुरू केले, तेही विषाणूशिवाय, साध्या प्लाझ्मिडनं (डीएनएच्या गोल तुकड्यानं). १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुग्ण बाईंच्या पायात नव्या वाहिन्या दिसल्या, पण पायाला सूजही आली. मग ॲडेनोव्हायरसवरून व्हीईजीएफ-१२१ देणारा १०५ रुग्णांचा रेव्ह प्रयोग २००३ मध्ये आला. चालण्याच्या क्षमतेत फरक नाही, सूज मात्र जास्त. एचआयएफ-१ अल्फाचा ॲडेनोव्हायरस २८९ रुग्णांत वापरला, २०११ मध्ये निकाल तसाच. त्याच वर्षी एफजीएफ-१ च्या प्लाझ्मिडचा ३० देशांतला ५२५ रुग्णांचा टॅमॅरिस प्रयोग जाहीर झाला, आणि पाय कापावे लागणं किंवा मृत्यू यांत काहीच घट नव्हती.

सूज का आली याचं उत्तर १९८३ मध्येच होतं. हे प्रथिन पहिल्यांदा सापडलं ते वाहिन्या गळक्या करणारा घटक म्हणून. नुसत्या व्हीईजीएफनं उभ्या राहिलेल्या वाहिनीची गत मागावर फक्त ताणा लावून बाणा न भरलेल्या चादरीसारखी होते. बाणा भरायला भोवती पेरिसाइट, म्हणजे वाहिनीला बाहेरून आधार देणाऱ्या पेशी याव्या लागतात, आणि त्यांना बोलावणारे घटक वेगळे आहेत: पीडीजीएफ-बी, अँजिओपोएटिन-१. शिवाय सत्तरीतल्या मधुमेही माणसाची रक्तवाहिनीची पेशी ही नवजात बाळाच्या नाळेतल्या पेशीइतकी उत्साही नसते. इंजेक्शनचं जनुक सुईभोवतीच्या थोड्या स्नायूतच राहतं. प्रथिन आठवड्या-दोन आठवड्यांत संपतं. आणि प्लेटमध्ये रोगप्रतिकारशक्ती नसते. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८ वर्षांच्या जेसी गेल्सिंगरचा ॲडेनोव्हायरस दिल्यानंतर चौथ्या दिवशी मृत्यू झाला तो त्या प्रतिक्रियेमुळं. तो दुसऱ्या आजारासाठीचा प्रयोग होता, पण विषाणू याच जातीचा. हे सगळं चर्चेत आणलंत तर लहान प्रोजेक्टही वजनदार होतो.

घरी कुणी रिपोर्ट घेऊन आलं तर

येणारच. 'तुमचा मुलगा नसा वाढवायचं शिकतोय म्हणे' असं म्हणत शेजारचे काका डॉपलरचा रिपोर्ट हातात ठेवतील. त्यांना सरळ सांगा: पायाच्या नसांसाठी विषाणूवरची जनुक-उपचारपद्धत दवाखान्यात मिळत नाही. तंबाखू आजच बंद, अगदी मिश्रीसुद्धा. साखर आटोक्यात. बसल्याजागी पाय दुखत असेल, जखम भरत नसेल किंवा बोट काळं पडत असेल तर वाट न पाहता व्हॅस्क्युलर सर्जन गाठा, कारण बंद नस फुग्यानं उघडता किंवा बायपास करता येते, आणि त्याला वेळेची मर्यादा असते. कुणी 'नवीन ट्रायल' म्हणून बोलावलं तर तिचा सीटीआरआय (भारतातल्या रुग्ण-प्रयोगांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. प्रयोगातल्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे मागितले तर उठून यायचं.

शेवटचं काम

सबमिशन झाल्यावर उणे ८० मधल्या उरलेल्या ट्यूब विसरल्या जातात आणि तीन वर्षांनी कुणीतरी पुसट अक्षरं वाचत बसतं. तसं होऊ देऊ नका. किती ट्यूब आल्या, किती वापरल्या, किती उरल्या याचा तक्ता वहीत लिहा आणि गाइडची सही घ्या. उरलेला विषाणू पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला द्यायचा असेल तर त्याचं नाव आयबीएससीच्या अर्जात चढवा. द्यायचा नसेल तर ऑटोक्लेव्ह करा, तारीख टाका आणि समितीच्या वार्षिक अहवालासाठी ती नोंद गाइडकडं द्या.